कबड्डी खेळणाऱ्या मुलांना दातांचा गार्ड: तो घालून दम घालता येतो का?

रानजाई

नमस्कार मंडळी. मी सांगली जिल्ह्यातून, पलूस तालुक्यातल्या एका गावातून लिहितेय. माझा मोठा मुलगा १२ वर्षांचा आहे, सातवीत. गावच्या मंडळाकडून कबड्डी खेळतो, उजव्या कोपऱ्यावर. जानेवारीत एका संध्याकाळी सरावात तो घोटा धरायला खाली गेला, चढाईवाल्या पोरानं पाय झटकला आणि टाच थेट तोंडावर बसली. वरचा पुढचा दात मुळासकट बाहेर आला.

मी घरी शिलाई मशिनवर होते. निरोप येऊन मी मैदानावर पोचेपर्यंत दहा मिनिटं गेली. हा कडेच्या दगडी रोलरवर बसलेला, हनुवटीवरून रक्त, आणि मुठीत दात. मित्रानं तो मातीतून शोधला होता, नळाखाली धरला होता आणि बनियननं खसाखसा घासून पांढराशुभ्र केला होता. त्या पोराला मी काय बोलणार? जिवाच्या आकांतानं केलं होतं त्यानं. दुसरा म्हणाला, "काकू, कौलावर टाका, नवा येतो." बाराव्या वर्षी पुढचा दात पडला तर नवा येत नाही, एवढं मला कळत होतं. म्हणून तो रुमालाच्या गाठीत बांधला आणि आम्ही सांगलीला निघालो.

कारखान्यांचा सीझन चालू, रस्ताभर उसाचे ट्रॅक्टर, प्रत्येकामागं दोन-दोन ट्रॉल्या. मुलगा खुर्चीत बसेपर्यंत पावणेदोन तास झाले होते. डॉक्टरांनी सगळ्यात आधी विचारलं, "दात कशात आणलाय?" मी रुमालाची गाठ सोडली. ते क्षणभर काही बोललेच नाहीत. मग त्यांनी दात परत बसवला, शेजारच्या दातांना बारीक तारेनं बांधला, दोन आठवड्यांनी तार काढली, रूट कॅनाल केलं. पण म्हणाले, हा दात आता पाहुणा आहे, काही वर्षं राहील.

मुलगा आता रोज विचारतोय, मैदानावर कधी जाऊ? मला त्याला घरात कोंडून ठेवायचं नाही. कबड्डीवर त्याचा जीव आहे. पण गार्डशिवाय पाठवणार नाही, हे ठरलंय. त्याच्या एका मित्रानं खेळाच्या दुकानातून गरम पाण्यात मऊ करून चावायचा गार्ड आणला होता. तो घालून दम घालायला लागला की "कबड्डी"चं "हबल्ली" ऐकू येतं. सरांनी सरावातच शिट्टी मारून परत पाठवलं, दम नीट नाही म्हणून. त्यानं दुसऱ्या दिवसापासून गार्ड पिशवीतच ठेवला.

तर मला विचारायचंय की गार्ड घालून दम स्पष्ट घालता येतो का? कुठला घ्यावा? वाढत्या वयात किती दिवस पुरतो? आणि माझी धाकटी ९ वर्षांची आहे, तीही मुलींच्या संघात जायला लागलीय. तिचे वरचे दोन दात पुढं आहेत, झोपेत ओठ मिटत नाहीत. तिचं काय करू? आणि त्या दिवशी मी नेमकं काय करायला हवं होतं, तेही कुणीतरी सांगा. ते माझ्या डोक्यातून जात नाही.

बालदंत_पुणे

रानजाई ताई, मी लहान मुलांच्या दातांची डॉक्टर आहे. शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण हा धागा ज्या ज्या आईबापाच्या, शिक्षकाच्या नजरेला पडेल त्यांना तेच आधी कळायला हवं.

दाताच्या मुळावर अगदी पातळ पापुद्र्यासारखं आवरण असतं. त्यातल्या पेशी जिवंत असतात आणि त्यांच्याच जोरावर दात हाडाला पुन्हा धरतो. दात बाहेर कोरडा राहिला की या पेशी मरायला लागतात. साधारण ६० मिनिटं कोरड्यात गेली तर त्या जगत नाहीत असंच आम्ही धरून चालतो. नळाच्या पाण्यात त्या फुगून फुटतात, आणि घासलं तर आवरणच निघून जातं. तुमच्या मुलाच्या मित्रानं जे केलं तेच माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक घरांत होतं. शिकलेल्या घरांतही होतं. त्याच्या मनाला ते लागू देऊ नका.

करायचं ते असं. दात पांढऱ्या भागाला धरून उचलायचा, मुळाला हात लावायचा नाही. माती लागली असेल तर दुधात, सलाईनमध्ये किंवा मुलाच्याच थुंकीत काही सेकंद विसळायचा, आणि तिथल्या तिथे, मैदानावरच, त्याच्या जागी परत सरकवायचा. पुढची बाजू पुढे आहे ना, एवढं शेजारच्या दाताशी ताडून बघायचं. मग स्वच्छ रुमाल घडी करून मुलाला हलकेच चावून धरायला सांगायचं आणि दवाखाना गाठायचा. हात थरथरतात, हे मला माहीत आहे. बसवायचं धाडस होत नसेल तर दात दुधात बुडवून आणा. दुधात या पेशी बराच वेळ तग धरतात. आंतरराष्ट्रीय दंत-आघात संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनातही हाच क्रम आहे. मूल मोठं आणि शुद्धीवर असेल तर दात त्याच्या गालात ठेवून आणला तरी चालतो. लहान मुलाच्या तोंडात मात्र नको, गिळलं जातं.

दोन अपवाद आहेत. दुधाचा दात कधीही परत बसवायचा नाही, त्याखाली नवा दात तयार होत असतो आणि त्याला इजा होते. आणि मूल बेशुद्ध झालं होतं, उलट्या करतंय, असंबद्ध बोलतंय, तर आधी मोठं रुग्णालय, दात नंतर. दाताचा नुसता तुकडा उडाला असेल तर तोही शोधून, ओला ठेवून आणा, पुष्कळदा तोच चिकटवता येतो. सापडला नाही तर फुटलेल्या ओठात रुतलाय का ते डॉक्टरांना पाहायला सांगा. मी एका मुलाच्या खालच्या ओठातून असा तुकडा काढलाय. टाके घालायच्या आधी दिसला म्हणून बरं.

आता गार्ड. दुकानात एक तयार मिळतो, तो तसाच तोंडात धरायचा. तो घेऊच नका, दात आवळून धरल्याशिवाय राहत नाही. दुसरा गरम पाण्यात मऊ करून चावायचा. तिसरा आम्ही वरच्या दातांचं माप घेऊन, साच्यावर बनवतो. सगळ्यात चांगला तिसरा, कारण तो तोंड उघडलं तरी जागचा हलत नाही आणि श्वासाला, बोलण्याला कमी अडतो.

तुमच्या "हबल्ली"बद्दल सांगते. तुम्ही "कबड्डी" हळू म्हणून बघा. "ब"ला ओठ मिटावे लागतात. "ड्ड"ला जीभ वरच्या दातांमागे टाळूला टेकते. म्हणजे गार्ड पुढून जाड असला तर "ब" जातो आणि आतल्या बाजूनं टाळूवर चढला असला तर "ड्ड" जातो. चावून केलेल्या गार्डमध्ये मुलं नीट चावत नाहीत, जिभेनं दाबत नाहीत, आतली कड जाड राहते. माप घेऊन केलेल्या गार्डची आतली कड मी हिरडीजवळ पातळ करून घासून देते आणि मुलाला खुर्चीतच दम घालायला लावते. माझ्या दवाखान्यात हे ऐकून बाहेरचे पेशंट डोकावतात, पण त्याशिवाय मी गार्ड हातात देत नाही. ओठासमोरची जाडी मात्र फार कमी करता येत नाही. मार तिथेच बसतो, साधारण ३ मिलिमीटर तरी लागतेच.

मुलाच्या दाताबद्दल तुमचे डॉक्टर खरं बोलले आहेत. पावणेदोन तासांनी बसवलेला दात बहुतेक वेळा हाडाला घट्ट चिकटतो आणि हाड हळूहळू मुळाला खात जातं. जबडा वाढतो, तो दात वाढत नाही, म्हणून दोनेक वर्षांनी तो शेजारच्यापेक्षा आखूड दिसायला लागेल. तरीही तो बसवला हे चांगलंच झालं. दात नसता तर तिथलं हाड पटकन झिजलं असतं, आणि इम्प्लांट काही वाढ पूर्ण होईपर्यंत, म्हणजे अठरा-वीस वर्षांच्या आत बसवत नाहीत. तपासण्या चुकवू नका. खेळायला कधी सोडायचं ते दाताची पकड बघून तुमचे डॉक्टरच ठरवतील, पण गार्डचं माप तार काढल्यानंतरचं, आत्ताचं घ्या.

धाकटीची मला जास्त काळजी वाटते. दात पुढे आणि ओठ न मिटणारे, म्हणजे मारापुढे काहीच आड नाही. अशा मुलांना इजा होण्याची शक्यता बरीच जास्त असते. तिला दात सरळ करणाऱ्या डॉक्टरांना आत्ताच दाखवा. सगळे दात येईपर्यंत थांबू नका.

डावा_कोपरा

मी चिपळूणकडे मुलामुलींना २२ वर्षं कबड्डी शिकवतोय. डॉक्टरांचं सगळं वाचलं, "ब" आणि "ड्ड"चं तर पहिल्यांदाच कळलं.

ताई, दम येतो. पण सवय करावी लागते. आमच्याकडे गार्ड मिळाला की पहिले आठ दिवस मुलगा मैदानावर घालतच नाही. घरी अभ्यासाला बसताना घालायचा, मोठ्यानं धडा वाचायचा. मग घड्याळ लावून दम घालायचा. चढाई ३० सेकंदांची असते, तेवढा दम आईला दुसऱ्या खोलीत स्पष्ट ऐकू आला पाहिजे. त्यानंतर मैदानावर, आधी नुसतं पळताना, मग पकडीच्या सरावात. दोन आठवड्यांत पोरं विसरतात की तोंडात काही आहे. तुमच्या मुलाच्या मित्राला पहिल्याच दिवशी चढाईला पाठवलं असणार. सरांनी शिट्टी मारण्याऐवजी त्याला वेळ द्यायला हवा होता, हे मी एक प्रशिक्षक म्हणून सांगतो. पोरगं आपण होऊन गार्ड आणतंय, ते आपल्यामुळे सोडून देतं, याहून वाईट काय?

सामन्याआधी पंचांना गार्ड दाखवून ठेवा आणि एकदा दम ऐकवा. मग ऐन चढाईत वाद होत नाही.

आता पकडीबद्दल. घोटा धरताना पोरं तोंड समोर ठेवून झेपावतात, डोळे टाचेवर. पाय झटकला की टाच कुठे येणार? तोंडावरच. आम्ही शिकवतो की डोकं पायाच्या रेषेबाहेर, हनुवटी आत, खांदा पुढे, आणि धरलेला पाय लगेच छातीशी ओढायचा. हातभर अंतरावरचा पाय जेवढ्या जोरात लागतो तेवढा छातीशी आवळलेला लागत नाही. हे आधी संथ, चालत-चालत पन्नास वेळा करून घ्यायचं. दुसरं म्हणजे साखळी. दोघं दोन बाजूंनी एकाच चढाईपटूवर गेले की आपल्याच गड्याचं डोकं आपल्याच गड्याच्या तोंडावर आपटतं. माझ्या मैदानावर दात पडले ते सगळे असेच पडले, समोरच्याच्या पायानं एकही नाही. कोण आधी जाणार ते हाक मारून ठरवायची सवय लहानपणापासून लावावी लागते.

आणि अंगठ्या, कडं, गळ्यातली साखळी, वाढलेली नखं. ही नियमातच बसत नाहीत, पण सरावाला कोण बघतो? मी बघतो.

हॅमिल्टनकर

मी न्यूझीलंडमध्ये असते, मुलगा शाळेच्या संघातून रग्बी खेळतो. इथे १९९७ मध्ये १९ वर्षांखालच्या रग्बीला आणि १९९८ पासून सगळ्याच वयोगटांना सामन्यात गार्ड सक्तीचा झाला. अपघातांची भरपाई देणारं इथलं सरकारी महामंडळ रग्बीतल्या दातांच्या दाव्यांची नोंद ठेवतं. १९९५ ते २००३ या काळात ते दावे ४३ टक्क्यांनी कमी झाले.

आकडा सांगितला, पण मला रोज दिसतं ते वेगळंच आहे. माझ्या मुलाला गार्ड घालायला मी कधीच सांगितलेलं नाही. तो विसरला तर त्याला मैदानाबाहेर बसवतात, आणि सगळ्यांच्याच तोंडात असल्यामुळे लाज वाटायचा प्रश्नच येत नाही. रानजाई, तुमच्या मुलाच्या मित्रानं पिशवीत टाकला, कारण तो एकटा होता. जमलं तर मंडळातल्या दोन्ही कोपऱ्यांना आणि मधल्या पोरांना एकदमच करून घ्या.

पेठकर

मी कोल्हापूरचा. आमच्याकडे फुटबॉल, हेडिंगला उडी मारली की कोपर तोंडावर ठरलेलं. मुलीला सध्या तारा लावल्यात. डॉक्टर, तारांवर चावायचा गार्ड चालतो का?

बालदंत_पुणे

पेठकर, साधा चावायचा नको. मऊ झालेलं साहित्य तारांच्या कड्यांत शिरून गार होतं आणि काढताना कड्या उपटून येतात. तारांसाठी वेगळा, आत खोलगट जागा ठेवलेला गार्ड मिळतो. नाहीतर तुमच्या डॉक्टरांकडून करून घ्या. ते साच्यावर तारांची जागा भरून घेतात, म्हणजे दात सरकायला आत वाव राहतो. तारा आहेत म्हणून गार्ड नको, असं मात्र नाही. उलट मार बसला की त्याच तारा ओठ फाडतात.

रानजाई ताईंचा एक प्रश्न राहिला होता. वाढत्या वयात गार्ड साधारण एक हंगाम धरा. ९ वर्षांच्या मुलीचे दात सतत पडताहेत, येताहेत, म्हणून तिला दर वेळी माप घेऊन महागाचा करा असं मी म्हणणार नाही. चावायचा चांगला घ्या आणि डॉक्टरांसमोर बसवून घ्या. तोंड उघडल्यावर पडत नाही, घालून घोटभर पाणी पिता येतं, आणि तो मागच्या दाढांपर्यंत पोचतो, एवढं बघा. धुवायला गार पाणी आणि साबण. गरम पाण्यात किंवा उन्हात उभ्या गाडीत ठेवला की आकार जातो. कुरतडायची सवय लागली तर लगेच बदला.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहितेय, कारण करून बघितल्याशिवाय काय लिहिणार?

मोठ्याचा गार्ड सांगलीत माप देऊन केला, अडीच हजार लागले. दोन ब्लाउज-पिसांच्या ऑर्डरी जास्त घेतल्या, निघाले. डॉक्टरांना मी "ब" आणि "ड्ड"चं सांगितलं तर त्यांनी हसून आतली कड घासून दिली आणि तिथंच दम घालायला लावला. पहिल्यांदा चढाईवाल्यासारखा वाकून, हात पुढं करूनच घालायला लागला. सर, तुम्ही सांगितल्याप्रमाणे आठ दिवस घरी घातला. इतिहासाचा अख्खा धडा गार्ड घालून वाचला त्यानं. मी मशिनवर बसून ऐकत होते. चौथ्या दिवशी मशीन चालू असताना शब्द अन् शब्द कळला, तेव्हा मला रडू आलं. डॉक्टरांनी परवापासून पळायला आणि दमाला सोडलंय. पकडीला अजून महिनाभर नाही.

त्याच्या मित्राचा जुना गार्ड पुन्हा मऊ करून बसवला, या वेळी जिभेनं आतून दाबायला सांगून. बराच फरक पडला. हॅमिल्टनकर ताई, तुमचा निरोप मी मंडळाच्या सरांना वाचून दाखवला. पाच पोरांच्या घरचे तयार झालेत, दोघांच्या पैशाचं मंडळ बघणार आहे. धाकटीची सोमवारची वेळ मिळालीय.

आणि एक गोष्ट. मैदानाच्या कोपऱ्यावर चहाचा गाडा आहे. रोज दिसतो. त्या दिवशीही होता, माझा मुलगा बसला होता तिथून वीस पावलांवर. त्या गाड्यावर दूध असतं, हे मला डॉक्टरांचं वाचून झाल्यावर सुचलं. गाडेवाल्या मामांना जाऊन सगळं समजावलं. ते म्हणाले, पोरगं पळत आलं तर पैसे न विचारता देतो. मग मी एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहून प्रथमोपचार पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलं:

दात पांढऱ्या बाजूनं उचला. घासू नका, नळाखाली धरू नका. जमलं तर जागेवर बसवा आणि रुमाल चावून धरा. नाहीतर मामांच्या गाड्यावरच्या दुधात टाका आणि लगेच निघा.

डॉक्टर, एकदा बघून सांगा, काही चुकलंय का?

बालदंत_पुणे

ताई, दोन शब्द घाला. "गाड्यावरच्या दुधात"च्या जागी "गाड्यावरच्या गार, न तापवलेल्या दुधात" लिहा. चहाच्या गाड्यावर पातेलं विस्तवावर असतं, आणि घाईत पोरगं त्यातच दात टाकेल. मामांना सांगा, पिशवी फोडून पेल्यात ओतून द्यायचं. आणि वर एक ओळ हवी: "दुधाचा दात असेल तर बसवू नका." तुमच्या धाकटीच्या वयाच्या मुली आहेत ना संघात.

रानजाई

लिहिलं. मामांनाही आत्ताच जाऊन सांगून आले. एक पिशवी ते बर्फाच्या डब्यात वेगळी ठेवणार आहेत.